पाणी मुरवणारे पेव्हर ब्लॉक: पैसे ब्लॉकचे की खालच्या खडीचे?

सोसायटीचं अंगण उखडून नवे पेव्हर बसवायचं ठरलं की हल्ली कोटेशनमध्ये एक जादा ओळ येते: ‘पर्मिएबल पेव्हर, पाणी मुरवणारे’. दर साध्या ब्लॉकपेक्षा जरा चढा, आणि सोबत मोबाइलवर एक व्हिडिओ. बादलीभर पाणी ओतलं, क्षणात गडप! व्हिडिओ खोटा नसतो. फक्त ते पाणी खाली जाऊन कुठे थांबलं आणि तिथून पुढे कुठे गेलं, हे त्यात दिसत नाही. घेणाऱ्यानं विचारायचं असतं ते नेमकं हेच.

आधी निकाल सांगून टाकू. माल चांगला आहे. पुण्यासारख्या शहरात उघड्या पार्किंगसाठी आणि आतल्या रस्त्यांसाठी तो घ्यावा, पण खालच्या थरांसकट. नुसते ब्लॉक बदलून खाली नेहमीची कच (क्रशरची बारीक दगडी भुकटी) अंथरणार असाल तर साधे गट्टू, म्हणजे नेहमीचे पेव्हर ब्लॉक, घ्या, तेवढे पैसे वाचतील.

हिशेब सोपा आहे. १,००० चौरस मीटर काँक्रीटच्या अंगणावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५०,००० लिटर पाणी होतं. म्हणजे दहा हजारी टँकर पाच. यातलं बहुतेक पाणी काही मिनिटांत गेटबाहेर, तिथून रस्त्यावर आणि रस्त्यावरून ओढ्यात जातं. (मार्च उजाडला की याच गेटमधून टँकर आत येऊ लागतात, तो भाग वेगळा.) एका सोसायटीनं फरक पडत नाही, पण अख्ख्या पाणलोटातली अंगणं एकाच वेळी रिकामी झाली की काय होतं ते २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीच्या पुरात आंबिल ओढ्याकाठच्या पुणेकरांनी पाहिलं. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधल्या होत्या. ब्रिमस्टोवॅड या पर्जन्यवाहिन्या सुधारण्याच्या प्रकल्पात हे माप ५० वर नेलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तसल्या पावसापुढे कुठलाही ब्लॉक टिकाव धरणार नाही, आणि तसं सांगून कोणी विकत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवावं. हा माल नेहमीच्या जोरदार सरीसाठी आहे.

बाजारात या नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात. पहिली, कडेला ६ ते १० मिलिमीटरचे कान असलेले ब्लॉक. दोन ब्लॉकमध्ये तेवढी फट राहते आणि पाणी फटीतून उतरतं. दुसरी, कोपरे कापलेले ब्लॉक. चार कोपरे एकत्र आले की मध्ये एक भोक तयार होतं. तिसरी, बिनवाळूच्या मिश्रणाचा, स्वतःच सच्छिद्र असलेला ब्लॉक. व्हिडिओत तिसरा सगळ्यात झकास दिसतो आणि प्रत्यक्षात सगळ्यात आधी तोच दगा देतो. त्याची बारीक छिद्रं धुळीनं बुजली की आतून साफ करता येत नाहीत, आणि चाकं जिथे वळतात तिथे वरचे खडे सुटू लागतात. फटीच्या ब्लॉकमध्ये बुजते ती फक्त फट, आणि फट खरवडून पुन्हा भरता येते. म्हणून पहिला प्रकार घ्या. मोटारींसाठी ८० मिलिमीटर जाडीचे, एम-४० (दाब सोसण्याच्या ताकदीचा दर्जा) दर्जाचे, चाचणी अहवालासकट. ६० मिलिमीटरचे पायवाटेपुरते ठीक आहेत. मांडणी हेरिंगबोनच, म्हणजे काटकोनात एकमेकांत अडकलेली नागमोडी, हवी. विटांसारखे सरळ ओळीत लावले तर ब्रेक लागतील तिथे ब्लॉक पुढे सरकतात आणि फटी एकीकडे मिटतात, दुसरीकडे उघडतात. अग्निशमन गाडीचा मार्ग असेल तर तेवढ्या भारासाठी थरांची जाडी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या.

खाली काय हवं

साध्या पेव्हरखाली मुरूम दाबतात, त्यावर कच आणि फटीत क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू). तिन्ही गोष्टी पाणी अडवतात. पाणी मुरवायचं असेल तर वरपासून खालपर्यंत बारीक काहीच चालत नाही. क्रम असा: ८० मिलिमीटर ब्लॉक, त्याखाली ३ ते ६ मिलिमीटरची चिप (बारीक खडी) ४० मिलिमीटर जाड, मग २० मिलिमीटरची खडी १०० मिलिमीटर, आणि तळाला ४० ते ६० मिलिमीटरचा मेटल (मोठी खडी) २५० मिलिमीटर. खोदाई एकूण ४७० मिलिमीटर. फटीतही तीच ३ ते ६ ची चिप. प्रत्येक थर वरच्याला गळू देत नाही इतपतच मोठा आहे, म्हणून मधला २० मिलिमीटरचा थर ‘वाचवायला’ जाऊ नका. तो गाळला तर चिप मेटलच्या पोकळीत उतरते आणि पहिल्याच पावसाळ्यात ब्लॉक बसकण मारतात.

१०० चौरस मीटरला माल किती? मेटल २५ घनमीटर, म्हणजे सुमारे ९ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). २० ची खडी १० घनमीटर, साडेतीन ब्रास. चिप फटींसकट ५ घनमीटर, पावणेदोन ब्रास. दाबल्यावर बसते म्हणून ५ ते १० टक्के जास्त मागवा. खोदलेला माल जागेवर ४७ घनमीटर असतो, डंपरमध्ये सुटा झाला की तो पंचवीस-तीस टक्क्यांनी फुगतो. कोटेशनमध्ये ही वाहतूक नसेल तर ती नंतर ‘एक्स्ट्रा’ म्हणून येणार हे धरून चाला. खरा खर्च इथेच आहे. ब्लॉकच्या दरावर घासाघीस करून चार पैसे सुटतील, खोदाई आणि खडीवर कोणी घासाघीस करायला गेलं की २५० चा थर गुपचूप १५० होतो. खड्डा उघडा असताना टेप लावून पाहा, फोटो काढून ठेवा.

दाबलेल्या खडीत साधारण ४० टक्के पोकळी राहते. ३५० मिलिमीटरच्या दोन थरांत १०० चौरस मीटरखाली १४,००० लिटर पाणी मावतं. म्हणजे स्वतःवर पडलेला १४० मिलिमीटर पाऊस. शेजारच्या इमारतीची २०० चौरस मीटर गच्चीही त्यात सोडली तर तीच टाकी सुमारे ४७ मिलिमीटरला भरते. गच्चीचं पाणी आणायचं तर पाइप थेट मेटलच्या थरात सोडा, आधी पानं अडवायची जाळी आणि गाळ बसवायचा चेंबर देऊन. पन्हळीतून ब्लॉकवर धार पडू दिलीत तर तिथल्या फटीतली चिप उडून जाते.

खडी धुतलेली हवी. हे वाक्य वर्क ऑर्डरमध्ये ठळक लिहा. क्रशरवरून येणाऱ्या खडीला भुकटी चिकटलेली असते. पहिल्या पावसात ती धुऊन तळाला बसते आणि नेमकी मुरण्याच्या जागी साय धरते. डंपर रिकामा होताना धुरळा उठला तर तो माल टँकरच्या पाण्यानं धुऊनच आत टाकायचा, आणि धुवायचा खड्ड्याबाहेर.

तळाची जमीन

खडी पाणी धरते, मुरवते ती जमीन. पुण्यात एकाच प्लॉटमध्ये तीन प्रकारची जमीन निघू शकते: काळी चिकणमाती, मुरूम आणि काळा पाषाण. म्हणून ब्लॉक निवडण्याआधी खड्डा घ्या. ठरलेल्या खोलीपर्यंत खणून त्याच्या तळाशी ३० सेंटिमीटर लांब-रुंद आणि तेवढाच खोल लहान खड्डा करा. तो पाण्यानं भरून रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून पट्टीनं दर अर्ध्या तासाला पातळी मोजा. लहान खड्ड्यात पाणी बाजूंनीही जातं, त्यामुळे आलेला आकडा निम्मा करूनच वापरायचा. तासाला २५ मिलिमीटर उतरलं तर १२ धरा. मग १४० मिलिमीटर पाणी बारा तासांत संपतं, पुढच्या सरीला टाकी मोकळी. निम्मा केलेला आकडा ३ आला तर दोन दिवस लागतात, अजून चालण्याजोगं आहे. काळ्या मातीत तो १ च्या आसपास किंवा खाली येतो, म्हणजे टाकी सहा दिवस भरलेली. तशा जागी तळाशी निचऱ्याचा पाइप लागतोच.

हा पाइप ११० मिलिमीटरचा छिद्रांचा पीव्हीसी. तो अगदी तळाशी टाकायचा नाही, तळापासून १०० ते १५० मिलिमीटर वर ठेवायचा. त्याच्याखालचं पाणी सावकाश मुरतं, वरचं चेंबरकडे हळूहळू निघून जातं. शहरासाठी हाही फायदाच: तासाभराचा लोंढा दिवसभराच्या संथ धारेत बदलतो. पाइपचं दुसरं टोक झाकण उघडून पिचकारी मारता येईल असं वर आणून ठेवा, नाहीतर तो एकदा गाळानं भरला की संपला.

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. जोत्याला लागून ही मुरवण कधीच करू नका. किमान तीन मीटर अंतर ठेवा, आणि इमारतीच्या बाजूच्या भिंतीला जाड प्लास्टिकचा पडदा द्या. बाकी बाजूंना १५० ते २०० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) न विणलेलं जिओटेक्स्टाइल, पाणी जाऊ देणारं कापड, म्हणजे शेजारची माती खडीत शिरत नाही. काळ्या मातीत ते तळालाही अंथरा. चांगल्या मुरमावर तळाला नसलं तरी चालतं.

खाली बेसमेंट असेल तर प्रश्नच मिटला. पोडियमच्या स्लॅबवर हे ब्लॉक लावले तर पाणी वॉटरप्रूफिंगवर साचून शेवटी ड्रेनच्या पाइपानंच जातं. मुंबईत खाडीकाठच्या भरावाच्या जमिनीवर पावसाळ्यात भूजल हातभर खाली असतं, तिथेही मुरणं विसरा. पाणी धरून ठेवून ओहोटीला सोडायचं काम करून घ्या. कोकणात आणि गोव्यात जांभ्यावर उलट गत. पाणी झपाट्यानं जातं, त्यामुळे जवळ उथळ विहीर असेल तर पार्किंगचं तेलकट पाणी तिच्या वाटेला जाऊ देऊ नका.

उताराची गोष्ट बहुतेक कोटेशनमध्ये नसतेच. वर दोन टक्के उतार आणि तळालाही तसाच उतार असेल तर खडीतलं सगळं पाणी खालच्या टोकाला जमतं. वरचा अर्धा भाग कोरडा आणि गेटजवळ ब्लॉकच्या फटीतून कारंजी! तळ सपाट टप्प्यांत खणायचा, किंवा दर काही मीटरवर काँक्रीटचा आडवा बांध खडीत घालायचा. शेताला बांध घालतात तसाच. पाच टक्क्यांपेक्षा जास्त उतार असेल तर हा प्रकार सोडूनच द्या.

मुकादमाच्या हातात

बिघडतं ते बहुतेक शेवटच्या दोन दिवसांत. खाली सगळं नीट भरलं, चिपही आली, आणि लेव्हल लवकर जमेना म्हणून वरून दोन पाट्या कच पसरली गेली. किंवा ब्लॉक बसले, आणि सवयीनं क्रश सँड झाडून फटीत भरली. दिसायला छानच दिसतं, फटी गच्च, काठ घट्ट. पाणी मात्र साध्या पेव्हरसारखंच वाहून जातं, आणि दोष ब्लॉकवर येतो. दुसरी चूक, मेटल एकदमच २५० मिलिमीटर टाकून दाबणं. दोन थरांत टाकून रोलर फिरवा, खडी हलायची थांबेपर्यंत. ब्लॉक बसल्यावर आधी चिप फटीत झाडून भरायची, उरलेली उचलायची, मग प्लेट कॉम्पॅक्टर. वर सुटी चिप असताना कॉम्पॅक्टर चालवला तर ब्लॉकचे कोपरे उडतात. पहिल्या पावसाळ्यानंतर फटीतली चिप दहा-पंधरा मिलिमीटर खाली बसते, ती पुन्हा भरून देणं हे ठेकेदाराच्या कामात आधीच लिहून घ्या. कडेला काँक्रीटचा कर्ब हवाच, नुसत्या विटेच्या काठावर ब्लॉक वर्षभरात पसरतात.

तपासायचं कसं

बादलीच्या खेळाऐवजी रिंग लावा. अमेरिकन मानकात (एएसटीएम सी १७८१) हीच चाचणी आहे आणि ती सोसायटीच्या वॉचमनलाही जमेल. ३१५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा २० सेंटिमीटर उंच तुकडा घ्या, आतला व्यास साधारण ३०० भरतो. ब्लॉकवर ठेवून खालून प्लंबरच्या पुटीनं सील करा. गणपतीची उरलेली शाडू वापरायचा मोह होतो, पण ती फटीत उतरते. आधी ३.६ लिटर पाणी ओता, आत पाण्याची उंची १० ते १५ मिलिमीटर राहील अशा बेतानं. ते तीस सेकंदांच्या आत गेलं तर आता १८ लिटर त्याच बेतानं ओतून वेळ घ्या, नाहीतर पुन्हा ३.६ लिटरच घ्या. १८ लिटर एका मिनिटात गेलं म्हणजे ताशी सुमारे १५,००० मिलिमीटर. नवं काम हजारांत उत्तर देतं, त्यामुळे आकडा पाहून हुरळू नका. तो पुढल्या वर्षीच्या तुलनेसाठी लिहून ठेवायचा असतो. ३.६ लिटरला बारा मिनिटांहून जास्त लागायला लागली की ताशी २५० मिलिमीटरच्या खाली आलात, आणि फटी साफ करायची वेळ झाली.

साफसफाई एप्रिल-मेमध्ये, माती कोरडी असताना. फटीत बुजतो तो वरचा २० ते २५ मिलिमीटरचाच भाग. तेवढी चिप व्हॅक्यूमनं किंवा खरवडून काढून नवी भरायची, खालची बहुधा स्वच्छ असते. प्रेशर वॉशर उभा धरला तर मळ आणखी खाली जातो, तो तिरपा धरा. रोजच्या झाडलोटीत खराटा फटीत धूळ कोंबतो, पण त्याला इलाज नाही. निदान झाडलेला कचरा ब्लॉकवरच ढिगानं ठेवू नये. शिरीष आणि गुलमोहराची बारीक पानं फटीत नेमकी बसतात. फ्लॅटचं रिनोव्हेशन चालू असेल तर वाळू-सिमेंटचा ढीग ताडपत्रीवरच, हा नियम नोटीस बोर्डावर लावा. एका दिवसाचा ढीग दहा वर्षांच्या धुळीचं काम करतो. होळी ब्लॉकवर पेटवू नका, राख खाली जाते. गणपतीच्या मांडवाचे खांब ब्लॉक काढून खड्ड्यात रोवण्यापेक्षा ड्रममध्ये उभे करा, कारण परत बसवताना तिथे हटकून माती आणि कच भरली जाते.

बाकीचे पर्याय

ग्रास पेव्हर, म्हणजे भोकाच्या ठोकळ्यात गवत, कॅटलॉगमध्ये हिरवागार असतो. गाडी दिवसभर जिथे उभी राहते तिथे ऊन नाही, ऊन नाही तिथे गवत नाही. चार महिन्यांत मातीची भोकं उरतात. पाहुण्यांच्या पार्किंगला, जिथे गाडी अधूनमधून येते, तिथे चालतो. कार्पेट लॉन लावू नका, आपली हरळी टिकते. भोकात वाळू आणि कंपोस्ट भरा, वरून एक सेंटिमीटर रिकामं सोडून, म्हणजे चाक गवताचं खोड चेपत नाही. आजी-आजोबांच्या फिरण्याच्या वाटेवर मात्र नको, काठीचं टोक नेमकं भोकात जातं.

पर्व्हियस काँक्रीट, म्हणजे जागेवर ओतायचं सच्छिद्र काँक्रीट, घ्यायचं तर ते आधी केलेली माणसंच हवीत. वाळू जवळजवळ नाही, १० मिलिमीटरची खडी, पोकळी १५ ते २५ टक्के, पाणी-सिमेंट प्रमाण ०.२७ ते ०.३५. मिश्रण कोरडं, हट्टी. ते सोपं जावं म्हणून साइटवर बादलीभर पाणी घातलं की सिमेंटची पेस्ट तळाला उतरते आणि तिथे बिनछिद्राचा थर तयार होतो. वर छिद्रं दिसतात, पाणी जात नाही. ओतल्यावर लगेच प्लास्टिकनं झाकून सात दिवस ठेवावं लागतं. सोसायटीसाठी आमचं मत नाही असंच आहे. बुजल्यावर खरवडायला फट नसते.

प्लास्टिकचे क्रेट जमिनीखाली रचून टाकी करायचा प्रकार जागा कमी असेल तिथे उपयोगी. एका घनमीटरमध्ये खडीत ४०० लिटर मावतात, क्रेटमध्ये ९५० च्या आसपास. पण आत गेलेला गाळ काढता येत नाही, म्हणून आधी दोन कप्प्यांचा गाळ-चेंबर नसेल तर घेऊ नका. वर किती माती हवी आणि गाडीचा किती भार चालेल, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. याच्याच जोडीला ‘बोअरवेल रिचार्ज’ गळ्यात मारतात. गच्चीचं गाळलेलं पाणी ठीक, पार्किंगचं पाणी बोअरमध्ये कदापि नाही. ते मातीतून न गाळता थेट भूजलात जातं.

सगळ्यात कमी पैशात चांगलं काम करते ती पावसाळी बाग, आणि ती कोणी विकत नाही म्हणून कोणी सुचवत नाही. १०० चौरस मीटर फरसबंदीला ८ चौरस मीटरचा खोलगट वाफा: वर १५० मिलिमीटर पाणी साचायला मोकळी जागा, खाली ५०० मिलिमीटर वाळूमिश्रित माती, काळ्या जमिनीत तळाला निचऱ्याचा पाइप. साधारण २० मिलिमीटरची सर ती पचवते. कर्बला ३०० ते ४५० मिलिमीटरची फट ठेवून आत ५० मिलिमीटर खाली पाणी पडू द्या, नाहीतर तोंडाशीच पानांचा बांध तयार होतो. जास्तीच्या पाण्याला ओव्हरफ्लो हवा. डासांची भीती सगळेच घालतात, पण पाणी दोन दिवसांत उतरलं तर अळीचा डास व्हायला वेळच मिळत नाही. झाडं मात्र दोन्ही सोसणारी हवीत, चार महिने पाय पाण्यात आणि आठ महिने कोरडे. वाळा सोसतो, लव्हाळाही परत फुटतो. कर्दळ पाण्यात खुलते, उन्हाळ्यात पाणी मागते. आणि माळ्याला सांगा, वाफा भरून उंच करायचा नाही. वाफा फरसबंदीपेक्षा वर गेला की माती धुऊन ब्लॉकवर येते आणि दोन्हींचे पैसे बुडतात.

वर्क ऑर्डरमध्ये शेवटी तीन ओळी घाला. कच आणि क्रश सँड साइटवर उतरवायचीच नाही. ब्लॉक लागल्यावर पाच ठिकाणी रिंग चाचणी, आकडे सहीनिशी. दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा संपून चिप पुन्हा भरल्यावर आणि चाचणी पुन्हा झाल्यावर. पहिल्या ओळीला मुकादम हमखास अडतो: “कचीशिवाय लेव्हल येत नाही, साहेब.” येते. दोन ४० मिलिमीटरचे लोखंडी पाइप चिपमध्ये समांतर ठेवायचे, त्यावरून ॲल्युमिनियमची पट्टी ओढायची, पाइप काढून चर हातानं भरायचे आणि त्यावर पाय न देता ब्लॉक मांडत पुढे सरकायचं.